आधी फरशी उचला

आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक खड्डा आहे. दोन फूट लांब, दोन फूट रुंद, चारही बाजूंनी सिमेंटचा काठ. गेल्या सहा पावसाळ्यांत त्यात चार झाडं लावली गेली. पहिला गुलमोहर, मग बदाम, मग कुणीतरी भेट दिलेला कडुलिंब आणि शेवटी नाव न कळलेलं काहीतरी, ज्याला आम्ही नुसतं ‘ते झाड’ म्हणायचो. प्रत्येक वेळी फोटो निघाला. फोटोत एका रोपाला नऊ हात लागलेले असतात. त्यातला एकही हात मार्चमध्ये बादली घेऊन आलेला मी पाहिला नाही. (माझाही नाही. दुसऱ्या फोटोत डावीकडून तिसरा मी आहे.)

शेजाऱ्यांनी एकत्र येऊन आपला रस्ता हिरवा करावा, हे वाक्य आता इतकं सर्वमान्य झालंय की त्याला विरोध करणारा माणूस शोधून सापडणार नाही. ज्या वाक्याला कुणाचाच विरोध नसतो, त्यात कुणाला काही सोडावं लागत नसतं, असा माझा अनुभव आहे. ऑफिसातही तसंच असतं. ‘कोडची गुणवत्ता सुधारली पाहिजे’ यावर मीटिंगमध्ये सगळे माना डोलावतात. ‘त्यासाठी या महिन्यात दोन फीचर कमी करू’ म्हटलं की खोलीत शांतता पसरते. आमच्या गल्लीतही हिरवाईबद्दल एकमत आहे. मतभेद आहे तो सात चौरस मीटर जमिनीबद्दल. त्याकडे येतो.

मी कोपरखैरण्यात वाढलो. ज्यांनी हा भाग पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. नवी मुंबई म्हटलं की लोकांना पाम बीच रोड आठवतो, खाडीकाठचे टॉवर आठवतात. कोपरखैरणे तसं नाही. १९७० साली सिडकोची स्थापना झाली, ९५ गावांच्या जमिनी संपादित झाल्या आणि त्यावर एकेक नोड उभा राहिला. मुंबईतले घाऊक बाजार इकडे हलवल्यावर त्या बाजारात पाठीवर गोणी वाहणाऱ्या माथाडींसाठी कोपरखैरणे-घणसोलीत घरं दिली गेली. छोटे छोटे भूखंड, एकाला एक चिकटून बैठी घरं, मधे अरुंद गल्ल्या. माझे बाबा भाजीपाला मार्केटला माथाडी होते. गल्लीतली निम्मी घरं सातारा जिल्ह्यातली, उरलेल्यांत जुन्नर-आंबेगावकडची आणि दोन-तीन उत्तर प्रदेशातली. पलीकडे मूळ गावठाण, आगरी-कोळ्यांचं, आमच्या सेक्टरच्या कितीतरी आधीपासूनचं. इथल्या जमिनीसाठी माणसांनी जीवही दिलाय. जानेवारी १९८४मध्ये जासई-दास्तान फाट्याकडच्या आंदोलनात पाच शेतकरी गोळीबारात गेले. म्हणजे या शहरात जमीन कुणाची आणि कशासाठी, हा प्रश्न नवा नाही. आम्हीच तो वीतभर जागेपुरता पुन्हा विचारतोय.

लहानपणी प्रत्येक घरापुढे ओटा होता आणि ओट्यापुढे हातभर माती. त्या मातीत आईनं कढीपत्ता लावला होता. शेजारच्या काकूंचा शेवगा होता, त्याच्या शेंगा सगळ्या गल्लीत वाटल्या जायच्या. पपई होती, जास्वंद होती, पलीकडच्या भाभींनी आणलेलं लिंबाचं झाड होतं, ज्याला कधीच लिंबं लागली नाहीत. तेलाच्या पत्र्याच्या डब्यांत तुळस, कोरफड, गवती चहा. या सगळ्या बायकांनी कधी ‘पर्यावरण’ हा शब्द उच्चारला नव्हता आणि त्यांचा कुणी सत्कारही केला नाही. सकाळी धुण्याचं पाणी झाडांना जायचं. सावलीत दुपारी वाल सोलायला बसायच्या. शेजाऱ्यांनी मिळून रस्ता हिरवा करणं म्हणजे काय, याचं मी पाहिलेलं सर्वांत चांगलं उदाहरण हे आहे. ते आम्ही स्वतःच्या हातानं मोडलं.

कसं मोडलं, तर दोन टप्प्यांत. आधी घरं वाढली. मुलं मोठी झाली, लग्नं झाली, भाड्याचं उत्पन्न हवं झालं. बैठ्या घरांवर एक, दोन, तीन मजले चढले आणि ओटा घरात गेला. यात मी कुणाला दोष देणार नाही. माथाडीच्या पेन्शनवर मुंबईशेजारी कुटुंब चालवून बघा आणि मग ओट्याच्या सौंदर्यावर लिहा. आमच्याही घराचा ओटा आता तळमजल्याच्या भाडेकरूंचं स्वयंपाकघर आहे.

दुसरा टप्पा पेव्हर ब्लॉकचा. गल्लीत ब्लॉक बसले तेव्हा आम्ही पेढे वाटले होते, हे मला आठवतं. चिखल गेला, गाडी घसरायची बंद झाली, घर विकायला काढलं तर भाव चांगला येईल असं सगळे म्हणू लागले. पण ब्लॉक बसवायची पद्धत पाहिलीय का? आधी माती खरवडतात. मुरूम आणि खडी टाकून रोलर फिरवतात, म्हणजे खालची जमीन दाबून दगड होते. वर कच किंवा वाळू, वर ब्लॉक, आणि कडेला हलू नये म्हणून सिमेंटची पट्टी. ती पट्टी झाडाच्या बुंध्याला भिडवायची, कारण तिथे फट राहिली की काम ‘अर्धवट’ दिसतं. मुळांना पाणी लागतं हे आपल्याला शाळेत शिकवतात. मुळांना हवाही लागते हे कुणी शिकवत नाही. दाबलेल्या मातीत कणांमधल्या पोकळ्या मिटतात. पाणी शिरत नाही आणि हवाही शिरत नाही. झाड लगेच मरत नाही. चार-पाच वर्षं रेंगाळतं, शेंड्याकडून वाळत येतं, आणि एखाद्या जूनच्या वाऱ्यात रिक्षावर आडवं होतं. मग सगळे म्हणतात, झाड धोकादायक होतं.

धोकादायक ते केलेलं असतं. गॅसची लाइन, इंटरनेटची केबल, पाण्याची जोडणी, गटार – प्रत्येक जण स्वतंत्र खणतो आणि वाटेत येणारं मूळ कापतो. मूळ जमिनीखाली असल्यामुळे त्याचा पंचनामा होत नाही. महाराष्ट्रात शहरी झाडांच्या संरक्षणाचा कायदा १९७५पासून आहे आणि त्यात झाड ‘पाडणे’ याच्या व्याख्येत झाडाला इजा करणंही येतं. २०२१च्या दुरुस्तीनं पन्नास वर्षांवरच्या झाडांना वारसा वृक्ष म्हटलं. पण ज्या गल्लीत झाड पंधराव्या वर्षी गुदमरतं, तिथे पन्नाशी गाठणार कोण? राष्ट्रीय हरित लवादानं २०१३ साली दिल्लीसाठी आदेश दिला होता की झाडांभोवती एक मीटरपर्यंतचं काँक्रीट काढा, खोडावरचे खिळे, तारा, पाट्या काढा. एक मीटर. आमच्या गल्लीतल्या प्रत्येक झाडाभोवती एक मीटर सोडायचा तर पहिल्यांदा एक ब्रेझा, एक वॅगन आर आणि एक माझी गाडी हलवावी लागेल.

आता ते सात चौरस मीटर.

एक लहान मोटार साधारण चार मीटर लांब आणि पावणेदोन मीटर रुंद असते. गुणाकार करा. आमची गल्ली सहा मीटरची आहे. दोन्ही बाजूंना गाड्या लागल्या की मधे अडीच मीटरही उरत नाहीत. आगीचा बंब जवळपास तेवढाच रुंद असतो. तो यायची वेळ येऊ नये म्हणून आम्ही सगळे बहुधा देवावर सोडून आहोत. मी २०२२ साली जुनी गाडी घेतली. ऑफिस महापेला, म्हणजे गाडीची गरज शून्य. आठवड्यात दोनदा ती हलते, एकदा डी-मार्टला आणि एकदा ‘बॅटरी उतरू नये म्हणून’. उरलेले पाच दिवस माझं हे पत्र्याचं खोकं सार्वजनिक जमिनीवर फुकट पडून असतं. त्याच जागी कुणी चार कुंड्या ठेवल्या तर त्याला अतिक्रमण म्हणतात.

हे मला सुचलेलं शहाणपण नाही. डोनाल्ड शूप नावाच्या अमेरिकन प्राध्यापकानं २००५ साली फुकट पार्किंगची किंमत या एका विषयावर जाडजूड ग्रंथ लिहिला. जपाननं तर १९६२ सालीच कायदा केला. गाडी ठेवायला रस्त्याबाहेर जागा आहे असा दाखला द्यायचा, मग गाडी नावावर होणार. टोकियोच्या जुन्या गल्ल्यांचे व्हिडिओ तुम्ही पाहिले असतील. आमच्यापेक्षा अरुंद गल्ल्या आणि प्रत्येक दारापुढे कुंड्यांच्या रांगा. लोक म्हणतात, काय त्यांची सौंदर्यदृष्टी! असेल. पण रात्री तिथे गाडी लावता येत नाही, हे कुणी सांगत नाही. आईच्या कढीपत्त्यात सौंदर्यदृष्टी कमी नव्हती. कमी पडली ती जागा.

म्हणून मला वृक्षारोपणाच्या आकड्यांचा राग येतो. २०१६च्या १ जुलैला राज्यात एका दिवसात दोन कोटी रोपं लावायचं ठरलं. पुढे चार, मग तेरा, मग २०१९ साठी तेहतीस कोटी. लक्ष्य दर वर्षी वाढत गेलं, कारण रोप लावणं सोपं आहे. आमच्या धंद्यात याला ‘लाँच’ म्हणतात. लाँचच्या दिवशी केक असतो. नंतर तीन वर्षं रात्री दोनला उठून सिस्टिम सांभाळणाऱ्यासाठी केक नसतो. झाडाला पहिले तीन उन्हाळे कुणीतरी सांभाळावं लागतं. ते कोण, हे रोपाशेजारच्या पाटीवर कधी लिहिलेलं नसतं. पाटीवर उद्घाटकाचं नाव आणि तुकोबांची ती एक ओळ असते, जी कुठली हे मी सांगायला नको.

आमच्या शहराबद्दल खोटं बोलायचं नाही. स्वच्छ सर्वेक्षणात नवी मुंबई देशात तिसरी आलीय, एकदा नाही, अनेकदा. सेक्टर १४मधलं निसर्ग उद्यान कचराभूमीवर उभं केलंय. लहानपणी ज्या बाजूचा वास यायचा तिथे आता लोक पहाटे चालायला जातात, आणि शेजारी देशी झाडांचं दाट मियावाकी जंगल वाढतंय. हे मोठं काम आहे. पण उद्यान हे जाऊन बघायचं झाड असतं. तिथल्या सावलीचा आमच्या गल्लीत दुपारी दोनला भाजी विकणाऱ्या मावशींना उपयोग नाही. आणि शहरभर भिंतींवर रंगवलेल्या झाडांचा तर कुणालाच नाही. भिंतीवर वड रंगवणाऱ्या कलाकाराला मी नावं ठेवत नाही, त्यानं पोट भरावं. मला एवढंच वाटतं की रंगवलेल्या वडाला पाणी लागत नाही, पानं गळत नाहीत, पार्किंगची जागा जात नाही. म्हणूनच तो सगळ्यांना आवडतो.

‘लोकसहभाग’ हा आणखी एक शब्द. त्याचा प्रत्यक्ष अर्थ झाडू आणि टोपी असा होतो. रस्त्यावर काय असावं हे ठरवण्यात सहभाग नसतो. पुण्यात २००६पासून नागरिकांना अंदाजपत्रकात आपल्या भागातली कामं सुचवता येतात. ती पद्धत फार परिपूर्ण आहे असं नाही, पण निदान अर्ज करायला खिडकी आहे. आमच्याकडे २०२०च्या मे महिन्यात महापालिकेच्या सभागृहाची मुदत संपली आणि त्यानंतर पाच वर्षांहून जास्त काळ प्रशासकच कारभार पाहत होते. इतकी वर्षं आमच्या गल्लीला नगरसेवकच नव्हता. ब्लॉक बसवू नका असं सांगायचं तरी कुणाला?

अशाही काळात लोक एकत्र आले, हे खरं आहे. वाशीहून कोपरखैरण्याकडे येणाऱ्या उड्डाणपुलासाठी ३९० झाडं काढण्याचा प्रस्ताव आला तेव्हा वाशीतले रहिवासी रस्त्यावर उतरले. मला त्यांचा आदर आहे. पण एक गोष्ट तेव्हाही डाचत होती. तो पूल कुणासाठी होता? वाशीच्या सिग्नलला अडकणाऱ्या गाड्यांसाठी. त्या गाड्या संध्याकाळी येऊन थांबतात कुठे? आमच्या गल्लीत, आईच्या कढीपत्त्याच्या जागी. मोठ्या झाडासाठी उभं राहणं सोपं आहे असं मी म्हणत नाही, पण तिथे समोर कुणीतरी परका असतो. गल्लीत समोर शेजारी असतो, जो बाबांना रात्री रिक्षात घालून हॉस्पिटलात घेऊन गेला होता.

दोन वर्षांपूर्वी आम्ही पाच घरांनी एक प्रयोग केला. प्रयोग म्हणजे फार काही नाही. घरांच्या भिंतीला लागून असलेली ब्लॉकची एक ओळ उचलायची, खालचा मुरूम काढायचा, माती आणि शेणखत भरायचं. मला ही कल्पना हॉलंडवरून सुचली. तिथे २०२०पासून फरश्या उचलण्याची स्पर्धाच चालते. आधी रॉटरडॅम विरुद्ध ॲमस्टरडॅम अशी होती, पुढे देशभर पसरली. कोणतं गाव जास्त फरश्या उचलतं ते मोजतात. झाडं किती लावली हे मोजत नाहीत, फरश्या किती काढल्या हे मोजतात! मला ते फारच आवडलं. डच लोकांशी आपलं नातंही आहे. भरतीच्या वेळी पावसाचं पाणी साठवायला सिडकोनं नवी मुंबईत जे धारण तलाव बांधले, ती पद्धत त्यांचीच. त्या तलावांत पाणी किती वेगानं येऊन पडतं हे वरच्या गल्ल्यांत माती किती उरलीय यावर ठरतं. गल्ल्या आपण फरशीनं बुजवल्या आणि तलावानं तुंबू नये अशी अपेक्षा करतो.

परवानगीसाठी पत्र दिलं. उत्तर आलं नाही. दोनदा जाऊन आल्यावर एका टेबलावरच्या साहेबांनी हळू आवाजात सांगितलं, ‘‘करा, पण आम्ही सांगितलं असं म्हणू नका.’’ एवढ्या अभयावर आम्ही पहार घेतली.

पहिला विरोध समोरच्या काकांचा. बाबांच्या टोळीतले, पाटण तालुक्यातले. ‘‘आरं इंजिनिअर, मग मी गाडी कुठं लावू? तुझ्या डोक्यावर?’’ मी टोकियो सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, ‘‘तिकडं लोकल किती वेळानं असती?’’ यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्यांचा मुलगा रात्री कॅब चालवतो. माझी गाडी हौस होती, त्यांची चूल होती. या दोन गाड्यांना एकच नियम लावणं अन्याय आहे, हे मला त्या दिवशी कळलं. मी आजवर वाचलेल्या पार्किंगविरोधी लिखाणात हा फरक कुणी केलेला आठवत नाही.

बाकीचे आक्षेपही मी हसण्यावारी नेत नाही. पानं पडतात, ती रोज झाडायची कुणी? (बायकांनी, हे उत्तर सगळ्यांनी गृहीत धरलं होतं. वहिनींनी पहिल्याच बैठकीत ते खोडून काढलं आणि पुरुषांची पाळी लावली. ती महिनाभर टिकली.) मुळं पाण्याच्या पाइपात शिरतात. शिरतात, म्हणून वड-पिंपळ गल्लीत लावायचे नाहीत. रेन ट्री आणि गुलमोहर रस्त्याला शोभतात, सहा मीटरच्या गल्लीला नाही. बहावा, तामण, पारिजातक, शेवगा यांच्यावर भागवायचं. तामण तर आपलं राज्यपुष्प, पण ते ओळखणारा माणूस आमच्या गल्लीत एकच निघाला, उत्तर प्रदेशातले भैयाजी. डास होतील, असाही आक्षेप होता. डास तुंबलेल्या चेंबरमध्ये होतात, मातीत पाणी मुरतं. हे मी सांगून पटलं नाही, एका पावसाळ्यानं पटवलं.

पाच घरांपैकी तीन टिकली. एका घराला नवे भाडेकरू आले आणि त्यांनी दोन बाइकसाठी पुन्हा ब्लॉक बसवून घेतले. एका ठिकाणचा बहावा गॅसवाल्यांच्या खोदकामात गेला. मी गाडी विकली नाही. स्टेशनजवळ महिन्याच्या भाड्यानं लावतो, आणि ते भाडं दर महिन्याला बोचतं. इतकी वर्षं मी जे फुकट वापरत होतो त्याची किंमत मला तेव्हा पहिल्यांदा आकड्यात दिसली. ती बोचायलाच हवी. ज्याच्या घरात गाडीवर पोट नाही, त्यानं तरी ती भरावी, एवढं मागणं मला जास्त वाटत नाही. आणि ब्लॉक बसवताना भिंतीकडची एक ओळ मातीची ठेवा, झाडाभोवती एक मीटर सोडा, खोदण्याआधी मुळाला हात लावायचा नाही हे ठेकेदाराच्या करारात लिहा. यासाठी कोट्यवधी रोपं लागत नाहीत. उलट थोडा खर्च वाचतो, ब्लॉक कमी लागतात.

बैठकीत एक तरुण मुलगा, माझ्याहून चार-पाच वर्षांनी लहान, मला म्हणाला की हे सगळं करून तापमानात किती फरक पडणार? तीन झाडांनी? प्रश्न बरोबर आहे. शहराच्या हवामानात काही फरक पडणार नाही. पण भाजीवाल्या मावशी आता दुपारी शेवग्याखाली बसतात आणि आमच्या दाराला गिऱ्हाइकं थांबतात, त्यामुळे आईला दिवसातून सात माणसांशी बोलायला मिळतं. गेली काही वर्षं ती तिसऱ्या मजल्यावरून फक्त गाड्यांची टपं बघत होती. हा माझ्या बाजूचा सर्वांत भक्कम मुद्दा आहे आणि तो कुठल्याच सर्वेक्षणाच्या रकान्यात बसत नाही.

काका अजून गाडी तिथेच लावतात. त्यांच्या दारापुढची ओळ आम्ही उचलली नाही. पण आमच्या मातीच्या कडेपासून त्यांचं मागचं चाक रोज चार बोटं अलीकडे थांबतं. रात्री मुलगा गाडी घेऊन निघाला की काका स्वतः खाली येतात आणि मोबाइलच्या उजेडात त्याला सांगतात, ‘‘हळू, हळू, तिकडं त्या पोराचं झाड हाय.’’